सूर्यवाले आणि चांदणीवाले

मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा मी श्रीरामपुरात एका किराणा दुकानाच्या शटरवर पिवळ्याचा दुसरा हात मारत होतो. मोबाईल मान वाकडी करून खांद्यात दाबला होता. पलीकडून एक वयस्कर बाई बोलत होत्या.

"तुम्ही अजून हातानं रंगवता असं कळलं. खरं का?"

"हातानंच," मी म्हणालो.

"एक इंचाचं काम करता का? पन्नासेक नग आहेत."

मला वाटलं, अक्षरं असतील. एक इंची अक्षर म्हणजे दवाखान्याच्या दारावरची वेळेची पाटी, नाहीतर शाळेतल्या कपाटांवरचे नंबर. मी म्हणालो, "करतो की. मजकूर पाठवून द्या."

"मजकूर नाही हो," त्या म्हणाल्या. "माणसं आहेत."

मी शिडीवरून खाली उतरलो, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. एक इंचाची माणसं. काही पायी, काही घोड्यावर. येऊन बघून जा म्हणाल्या. पत्ता राहुरीचा होता, कृषी विद्यापीठाच्या पुढे.

तीस वर्षं मी पेंटर आहे. दुकानांचे बोर्ड, टेम्पोंच्या मागची नावं, चर्चच्या भिंतीवरची वचनं, निवडणुकीच्या भिंती, आमच्या लोकांच्या कबरींवरची नावं, सगळं केलं. फ्लेक्स आले आणि बोर्ड गेले. उरली शटरं, भिंती आणि कबरी. त्यामुळे काम कसलंही असो, मी बघायला जातो. पण एसटीत बसल्यावरही एक इंचाचा माणूस कशाला रंगवायचा आणि रंगवून कुठे लावायचा हे काही डोक्यात बसेना.

मॅडम एकट्याच राहत होत्या. विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, केस बारीक कापलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी मला पाणी दिलं तेव्हा पेल्यातलं पाणी काठावरून हिंदकळत होतं. "हाताला कंप आहे," त्या म्हणाल्या, जशी एखादी माहिती सांगावी तसं. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

मधल्या खोलीत जेवणाचं टेबल नव्हतं. दोन दारं शेजारी शेजारी मांडून केलेलं एक भलं मोठं टेबल होतं. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, काथ्याची कुंपणं, निळ्या कागदाचा ओढा. ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडे शेकडो बारकी माणसं उभी. प्रत्येकाच्या अंगात रंगवलेलं चिलखत, डोक्याला लोखंडी टोप, हातात धनुष्य नाहीतर लांब दांड्याची कुऱ्हाड. मधून मधून निशाणं. मला आधी दिवाळीचा किल्ला आठवला, पण घरात पोरं दिसेनात. मग वाटलं, नाताळचा देखावा असेल. आमच्या चर्चमध्ये दरवर्षी गोठ्याचा देखावा मीच करतो, थर्माकोलच्या टेकड्या अशाच कापतो.

"मॅडम, हा देखावा कुठल्या सणाचा?"

"सणाचा नाही. ही लढाई आहे."

"कुणाची?"

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. साडेपाचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. एकाच राजघराण्याच्या दोन शाखा. गादी कुणाची यावरून तीसेक वर्षं मारामारी. चुलते पुतण्यांच्या विरुद्ध, भाऊ भावाच्या विरुद्ध. सरदार आज इकडे, उद्या तिकडे.

"म्हणजे भाऊबंदकी," मी म्हणालो.

"शुद्ध भाऊबंदकी," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

"मग यातले चांगले कोण?"

"कोणीच नाही. नाहीतर दोघंही. आपण ज्या दिवशी ज्याच्या बाजूनं बसतो, त्या दिवशी तो."

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. बहुतेक सगळी सेना त्यांनी स्वतः रंगवली होती, वीसेक वर्षं लागली म्हणे. मग हात गेला. उरलेले सैनिक करड्या धातूचे, नागडेच होते. ते अठ्ठेचाळीस त्यांनी कापूस घातलेल्या दोन डब्यांत भरून माझ्या हवाली केले. सोबत एक कागद. एका डब्यातले एका सरदाराचे शिपाई, दुसऱ्या डब्यातले त्याच्या शत्रूचे. दोघांचेही अंगरखे लाल. फरक फक्त छातीवरच्या खुणेत. एकाचा किरणांचा सूर्य. दुसऱ्याची किरणांची चांदणी.

"दोघांचेही लाल?" मी विचारलं.

"दोघांचेही. लाल कापड सगळ्यांनाच आवडायचं."

"मग लढताना त्यांना कसं कळायचं?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

घरी मी खिडकीपाशी बसून काम सुरू केलं. सैनिक बाटलीच्या झाकणाला चिकटवायचा आणि झाकण डाव्या हातात फिरवत रंगवायचं. सगळ्यात बारीक ब्रशचेही केस मी कातरून तीन-चार ठेवले. भिंतीवर हात खांद्यातून चालतो, इथे श्वास सोडला तरी रेघ वाकडी जायची. पहिल्या दिवशी एकच माणूस झाला आणि त्याचा एक डोळा कपाळात गेला.

माझी बायको अंगणवाडीत असते. दुपारी घरी आली की ती शेजारी स्टूल ओढून बसायची.

"यांना बायका-पोरं असतील ना हो?" ती एकदा म्हणाली.

"असतील."

"मग घरी बसायचं की."

मी कुऱ्हाडीच्या पात्याला चंदेरी लावत राहिलो. एक मात्र खरं की मला ते काम आवडायला लागलं होतं, आणि का आवडतंय ते कळत नव्हतं. बोर्ड रंगवला की रस्त्यानं जाणारे लोक बघतात. हे कोण बघणार होतं?

सूर्य आणि चांदण्या मी शेवटी काढल्या. आधी चोवीस सूर्य, मग चोवीस चांदण्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या छातीवर सूर्य म्हणजे मधे ठिपका आणि भोवती सहा-सात रेघा. चांदणी म्हणजे पाच टोकं आणि टोकांमधून किरण. कागदावरच्या चित्रात फरक स्पष्ट दिसायचा. छातीवर उतरला की तो ब्रशच्या टोकाएवढा राहायचा. पण दोन डबे वेगळे होते, वर मी खडूनं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे काळजी वाटली नाही.

ते पोचवायला निघालो तेव्हा उसाचा हंगाम चालू होता. एसटीला बसायला जागा मिळाली, पण दोन्ही डबे मांडीवर सांभाळायचे म्हणून मी पुढच्या सीटला धरलं नव्हतं. बेलापूरच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यावरून एकदम आडवा आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि दोन्ही डबे मांडीवरून गेले.

सगळ्या गाडीत सैनिक सांडले. सीटखाली, चपलांमधे, एका बाईच्या मेथीच्या पिशवीत. मी ओरडलो, "पाय उचला, पाय उचला!" लोकांनी घाबरून पाय वर घेतले, त्यांना वाटलं साप निघाला. मग कुणीतरी एक सैनिक उचलून उजेडात धरला.

"देव हायेत का वं हे?" मेथीवाल्या बाईनं विचारलं.

"नाही मावशी, शिपाई आहेत."

"कुठलं शिपाई?"

"इंग्लंडचे."

"आन हितं काय करतेत?"

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून माझ्यासोबत गुडघ्यावर बसून शोधलं. लोक हातोहात पुढे देत गेले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सापडले. दोन धनुष्यं वाकली होती, तेवढंच. माझा जीव भांड्यात पडला. मग मी डब्यात भरायला लागलो आणि पहिला सैनिक हातात धरून तसाच बसलो. हा सूर्यवाला की चांदणीवाला?

मला सांगता येईना. रंगवला मी होता. ठिपका होता, रेघा होत्या. डोळ्यांपासून लांब धरला की सूर्य वाटायचा, जवळ आणला की चांदणी. दुसरा घेतला, तिसरा घेतला. दोन चांदण्या नक्की ओळखू आल्या. बाकीच्यांनी माझं डोकं फिरवलं. राहुरी येईपर्यंत मी सगळे एकाच डब्यात कोंबले आणि दुसरा रिकामा डबा वर ठेवला, जणू रिकामा डबा दाखवून काही भरपाई होणार होती.

मॅडमना मी दारातच सांगून टाकलं. त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक सैनिक तपासायला लागल्या. किडे तपासताना त्यांची हीच सवय असावी. डावीकडे सूर्य, उजवीकडे चांदण्या, मधे एक ढीग. त्यांचा हात थरथरत होता म्हणून सैनिक मी धरत होतो आणि त्या बघत होत्या. तासाभरानं डावीकडे नऊ होते, उजवीकडे अकरा. मधल्या ढिगात अठ्ठावीस.

"हे संशयित," त्या म्हणाल्या.

"मी पुन्हा रंगवतो मॅडम. खरवडून."

"थांबा." त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे डोळे ओले दिसले म्हणून मी घाबरलो, पण त्या हसत होत्या. "पेंटर, हे खरंच झालं होतं. अशाच एका लढाईत. सकाळी धुकं होतं. चांदणीवाले आपल्याच लोकांच्या मदतीला परत आले आणि त्यांच्या लोकांना वाटलं, सूर्यवाले आले. आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर बाण सोडले. मग दगा, दगा, अशी ओरड झाली आणि सगळी सेना फुटली. मी ते पुस्तकात वाचलं होतं. पण असं कसं होईल, एवढी साधी खूण कशी कळणार नाही, हे मला कधी पटलं नव्हतं."

"आता पटलं?"

"आता मीच ओळखू शकत नाही," त्या म्हणाल्या. "काही खरवडू नका. बसा. खेळू या."

मी खेळायला आलो नव्हतो. पण चूक माझी होती, म्हणून बसलो.

खेळ सोपा आहे असं त्यांनी सांगितलं. तो सोपा नव्हता. आपली तुकडी किती इंच सरकवायची ते ठरलेलं. चिखलात निम्मं. चढावर निम्मं. चढावर चिखल असेल तर काय, हे विचारल्यावर वही काढावी लागली. बाण लागला की नाही ते फाशांवर. लागला तरी चिलखतातून गेला की नाही, त्याला पुन्हा फासे. माणूस मेला नाही तरी घाबरून पळाला की नाही, त्याला आणखी फासे. मी कितीतरी वेळा माझे फासे त्यांचे म्हणून मोजले. एकदा त्यांचाच एक सरदार मी मोठ्या काळजीनं झाडामागे लपवला.

पण एक गोष्ट मला जमली. नेम कुणावर आहे ते आधी बोलायचं आणि मगच टेपनं अंतर मोजायचं असा नियम होता. दहा इंचांच्या आत असेल तर बाण पोचतो. मॅडम अंदाज करायच्या आणि चुकायच्या. मी भिंतीवर रेघ न मारता अक्षरं बसवण्यात आयुष्य घालवलंय, मला पावणेदहा आणि सव्वादहातला फरक नजरेनं कळतो. "हा पोचतो," मी म्हणायचो आणि टेप लावली की पोचायचा. चौथ्या बुधवारी मी त्यांचा राजा पाडला. त्यांनी टाळी वाजवली. मला मात्र चुकल्यासारखं झालं, कारण त्या दिवशी राजाचा मुकुट मीच नव्यानं सोनेरी केला होता.

हो, चौथा बुधवार. काम संपलं होतं, तरी मी जात होतो. बायकोनं विचारलं, "आता काय रंगवायचं राहिलंय?" मी म्हणालो, काही नाही. "मग जाता कशाला?" वयाची पन्नाशी उलटलेला माणूस बुधवारी काम टाकून एसटीनं राहुरीला जातो आणि एका निवृत्त बाईंसोबत बाहुल्यांची लढाई खेळतो. मी स्वतःला हे सांगून बघितलं तेव्हा मलाही ते पटलं नाही.

एका बुधवारी फासे टाकता टाकता मॅडमनी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे का?"

"आहे. मोठा. गावी असतो."

"येणं-जाणं?"

मी फासे मोजत होतो, ते पुन्हा मोजायला लागलो. "नाही," म्हणालो.

आमचं गाव राहुरी-श्रीरामपूर रस्त्यापासून थोडं आत आहे. भाऊ तिथे शेती करतो, दोन म्हशी आहेत. सहा वर्षांपूर्वी तो ग्रामपंचायतीला उभा राहिला. त्याची निशाणी होती कपबशी. मी जाऊन त्याच्या भिंती रंगवल्या. मग समोरच्या पॅनेलचा माणूस माझ्याकडे आला. त्यांची निशाणी विमान. आसपास हातानं रंगवणारा मीच होतो. काम ते काम, असा विचार करून मी विमानंही काढली. त्यातलं एक दूध डेअरीच्या भिंतीवर होतं, भावाच्या दारासमोर. मी ते काढत असताना भाऊ म्हशींना पाणी पाजत उभा होता. निवडणुकीत तो पडला, थोडक्यात पडला. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात त्यानं मला थांबवून विचारलं, "तू नक्की कोनाचा हाईस, येवडंच सांग."

मी म्हणालो, "मी पेंटर आहे, दादा."

तो वळला आणि निघून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. नाताळचा फराळ वहिनी पाठवायच्या, आम्ही इकडून पाठवायचो, डबे जायचे-यायचे. माणसं नाही.

फेब्रुवारीत मॅडमचे एक जुने सहकारी पुण्याहून आले. मृदाशास्त्राचे प्राध्यापक, मॅडमसोबत वीस वर्षं हेच खेळलेले, मुलीकडे राहायला गेल्यामुळे खेळ सुटलेला. मॅडम त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणालो. ठेंगणे, गोरे, जोरात बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे सैनिक हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "वा! हा माणूस कलाकार आहे." मग मधल्या ढिगातल्यांचा डबा उघडून म्हणाले, "आणि हे कुणाचे?"

"ते संशयित," मॅडम म्हणाल्या. "आज ते पेंटरकडे."

ठरलं ते असं. सर चांदणीवाले, मॅडम सूर्यवाल्या. मी एक सरदार, अठ्ठावीस माणसं घेऊन बाजूच्या टेकडीवर उभा. मी कुणाचाही नाही. मला वाटेल तेव्हा, वाटेल त्या बाजूनं उतरायचं. असे सरदार त्या काळात खरेच होते म्हणे. दोन्ही बाजूंना येतो म्हणून कळवायचे आणि टेकडीवरून बघत बसायचे. माझ्या हातात एवढंच होतं की कधी आणि कुणाकडे.

सकाळी दहाला सुरू झालं. पहिला तास मला मजा वाटली. दोघांनीही माझी मनधरणी केली. सर म्हणाले, "सरदार, आमच्याकडे या, उत्तरेचा सगळा मुलूख तुमचा." मॅडम म्हणाल्या, "मी मुलूख वगैरे देणार नाही. तुम्ही तुमचं बघा." साडेअकराला सरांचे घोडेस्वार ओढ्यात अडकले आणि मला वाटलं, आता मॅडमकडून उतरावं, सरांची बाजू उघडी पडली आहे. अंतर मी नजरेनं मोजलं, अठरा इंच, दोन खेपांत पोचलो असतो. पण सर पाहुणे होते, लांबून आले होते. मी थांबलो. बाराला सरांचा जोर झाला, मॅडमच्या धनुर्धाऱ्यांची फळी फुटली. आता तर मॅडमकडूनच उतरायला हवं होतं. पण आता उतरलो तर त्या हरताहेत म्हणून दया आली असं होईल. आणि सरांकडून उतरावं तर का? मी सैनिकांना हात लावायचो आणि काढून घ्यायचो.

"सरदार, तुमची पाळी," सर म्हणायचे.

"उभे आहेत," मी म्हणायचो.

सहाव्या खेपेला सर चिडले. "अहो, तुम्ही खेळायला आलात की बघायला?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या अठ्ठावीस जणांकडे बघत होतो, छातीवर सूर्य की चांदणी ते शेवटपर्यंत न कळलेले, आणि मला काहीच ठरवता येत नव्हतं. पाऊण वाजता सरांच्या कुऱ्हाडवाल्यांनी मॅडमच्या राजाला ओढ्याकाठी घेरलं. फासे पडले. राजा गेला. खेळ संपला. माझे अठ्ठावीस टेकडीवर जसेच्या तसे होते, एकालाही धक्का लागला नव्हता.

सर आत हात धुवायला गेले. मॅडम सैनिक डब्यात भरायला लागल्या, मी मदतीला गेलो. त्यांचा हात त्या दिवशी फारच थरथरत होता.

"मला वाटलं होतं, तुम्ही याल," त्या म्हणाल्या. रागानं नाही. अगदी सहज.

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. जेवायला थांबा म्हणाल्या, मी थांबलो नाही.

एसटीत खिडकीपाशी बसलो. खेळच होता तो. एक इंचाची माणसं. हे मी स्वतःला राहुरी फॅक्टरीपर्यंत सांगितलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. गावाचा फाटा आला तेव्हा कंडक्टरनं बेल मारली, कुणीतरी उतरणार होतं. त्याच्या मागोमाग मीही उतरलो. तिकीट श्रीरामपूरचं होतं. गाडी गेली आणि मी उन्हात उभा राहिलो. कशाला उतरलो ते विचारायला तिथे कुणी नव्हतं. मग चालायला लागलो.

भाऊ गोठ्यात कडबा तोडत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"सलाम, दादा," मी आमच्या चर्चच्या लोकांच्या रीतीनं म्हणालो.

"सलाम." त्यानं कडब्याची पेंढी खाली ठेवली. "कुटनं आलास?"

"राहुरीवरनं."

"बस."

मी बाजेवर बसलो. वहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि चूल पेटवायला गेल्या. डेअरीची भिंत समोरच होती. तिला आता चुना मारला होता. विमानाचा मागमूस नव्हता. मग मी म्हणालो, "दादा, त्या वेळेला माझं चुकलं. ते विमान मी काढायला नको होतं."

भावानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोललो होतो.

"इमान काडलं म्हनून म्या कुटं काय म्हनलं? तुजा धंदाच त्यो हाय."

"मग?"

"आरं, लई झाक काडलंस!" त्याचा आवाज एकदम चढला. सहा वर्षं दाबून धरलेला असावा. "पंखाला सावली, खिडक्या येक येक मोजून घे, शेपटीवर चकाकी. उडतंय का काय असं वाटायचं. आन माजी कपबशी? कान कपाला हाय का बशीला ते कळंना. लोक म्हनायचे, सख्ख्या भावानं तांब्या काडलाय."

चुलीपाशी वहिनींना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पण दादा, तू विचारलंस की मी कोणाचा आहे."

"मंग काय इचारू? भावाचं काम उरकून टाकलंस आन दुसऱ्याचं मन लावून केलंस. मानूस इचारनारच की, ह्यो कोनाचा."

मी कपबशी आठवायचा प्रयत्न केला. ती मी आधी काढली होती, घरचं काम म्हणून, दिवस मावळायच्या आत आठ भिंती उरकायच्या म्हणून. विमानं नंतर काढली तेव्हा हात बसला होता. असं असेल. नाहीतर खरंच माझं मन लागलं नसेल. भिंतींना चुना लागून गेला होता, बघायला काही उरलं नव्हतं. सहा वर्षं मी एका गोष्टीबद्दल अपराधी वाटून घेतलं होतं आणि ती गोष्टच वेगळी निघाली. की भावानं आज, मी दारात आलो म्हणून, अवघड गोष्ट सोपी करून दिली? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो पुन्हा कडबा तोडायला लागला होता.

वहिनींनी बाजरीची भाकरी आणि मेथी वाढली. आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो. जेवताना त्यानं उसाच्या टोळीबद्दल सांगितलं, मी बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. ऊन उतरल्यावर त्यानं मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं.

"ते राहुरीला तुजं काय काम असतंय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं, टेबल, ओढा, फासे, राजा.

"म्हंजी खेळ."

"खेळच."

"आज कोन जिकलं?"

"सर."

"आन तू?"

"मी उभा होतो."

"हुबा?" त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग एसटी आली.

पुढच्या बुधवारी राहुरीला जाऊ की नको, हे मला मंगळवारपर्यंत ठरवता आलं नाही. शेवटी गेलो. मॅडमनी त्या दिवसाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्यांनी चहा केला, कप मी आणले. टेबलावर नवी मांडणी होती, ओढा यावेळी आडवा. त्यांचा हात आता इतका थरथरतो की सैनिक उचलला की शेजारचे चार पडतात. म्हणून त्या खुर्चीत बसून सांगतात आणि त्यांची सेना मी सरकवतो. मग टेबलाला वळसा घालून समोर येतो आणि माझी सरकवतो. त्यांचे फासे मी टाकतो, माझेही मीच टाकतो. त्यांच्या बाजूनं उभा राहिलो की त्यांचं बरोबर वाटतं, माझ्या बाजूला आलो की माझं. मागच्या आठवड्यात मी मधेच, टेबलाच्या अरुंद टोकाला, हातात एक घोडेस्वार घेऊन थांबलो. हा कुठे चालला होता तेच आठवेना.

"मॅडम, पाळी कुणाची?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावून सगळं टेबल बघितलं. दोन्हीकडचं बघितलं.

"मीही विसरले," त्या म्हणाल्या. "आधी चहा पिऊन घ्या. गार होतोय."